फटीचे दात

कवळीवालीने आजवर इतक्या लोकांच्या तोंडात दात बसवले होते की त्यांचा हिशेब तिलाही नव्हता, पण तिचे स्वतःचे दात मात्र कुणी धडपणे पाहिलेले नव्हते. हसायला ती कमी नव्हती. विनोद पुरता सांगून व्हायच्या आत हसू फुटेल अशी बाई. पण आधी डावा हात तोंडावर जायचा आणि मग हसू यायचं, त्यामुळे समोरच्याला दिसायचे ते फक्त तिचे मिटलेले डोळे आणि गदगदणारे खांदे.

कारण एवढंसंच होतं. वरच्या समोरच्या दोन दातांत फट. आगपेटीची काडी अलगद जाईल एवढी, त्यातून काही बैलगाडी जाणार नव्हती. पण शाळेतल्या पोरांना तेवढी पुरली. त्यांनी तिचं नाव ‘खिडकी’ ठेवलं आणि वारा सुटला की अख्खा वर्ग ओरडायचा, “खिडकी, बंद हो!” पोरं ती पोरंच, विसरलीही असतील. आत्याचं बोलणं मात्र जिव्हारी लागलं. घरात पाहुणे बसलेले असताना आत्या आईला म्हणाली, “पोर देखणी आहे हो तुझी, फक्त हसली नाही म्हणजे झालं.” आत्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर ते विसरता आलं नाही. त्या दिवशी हात जो वर गेला तो गेलाच.

पुढे लग्न झालं. नवरा मिळाला तो भला माणूस, मालाचा टेम्पो चालवायचा. त्याला ती फट आवडायची. पण नवऱ्याच्या आवडीवर माणसाने किती विश्वास ठेवायचा? त्याला करपलेली भाजीसुद्धा आवडायची.

आणि पोटापाण्याला धंदा मिळाला तो नेमका दातांचा. देवाला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मास्तरांची दातांची लॅब होती. बाहेरच्या खोलीत प्लास्टरची धूळ पिठासारखी सगळीकडे बसलेली, आतल्या खोलीत भट्टी, स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि खोक्यांत रंगवार लावलेले दात. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं यायची, त्यांवरून साचे ओतायचे, साच्यांवर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात उभा करायचा. मास्तर स्वतः चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी, पण हात असा की बघत राहावं. त्यांनी तिला शिकवलं आणि पुढे पुढे समोरच्या दातांची सगळी कामं तिच्याकडेच द्यायला लागले. वेडेवाकडे, एकावर एक चढलेले, पुढे आलेले, सगळ्या तऱ्हेचे दात तिने सरळ रांगेत आणून उभे केले. कवायतीला उभ्या केल्यासारखे. लोक खूश होऊन जायचे.

आता लेकीचं लग्न ठरलं होतं. कचेरीत सह्या, नंतर दोन्हीकडच्या माणसांचं जेवण आणि फोटो. आणि फोटो म्हटल्यावर कवळीवालीच्या मनाने उचल खाल्ली. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ती कुणाच्या तरी मयताला बसल्यासारखी ओठ घट्ट मिटून बसली होती. लेकीच्या फोटोत तसं होऊ द्यायचं नव्हतं. एकदा तरी, एका तरी फोटोत, हात खाली ठेवून हसायचं. मग ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, “मॅडम, माझे समोरचे दोन दात घासून बारीक करा आणि वर कॅपा बसवा.”

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून तिचं तोंड बघितलं. “अहो, धडधाकट दात आहेत तुमचे. साधी कीडसुद्धा नाही. तार लावून जवळ आणू या की.”

“तारेला वर्ष-दीड वर्ष लागतं, मॅडम. लग्न तोंडावर आलंय.”

“पण कॅपेसाठी सगळीकडून घासावे लागतील. घासलेला दात परत येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं? नीट विचार करा.”

“शाळेत असल्यापासून दुसरा विचार केलेला नाही,” कवळीवाली म्हणाली, आणि हसली. अर्थात हातामागे.

लग्नाच्या आधीचा शनिवार ठरला. माप घेतलं, तिने स्वतःच साचा ओतला, साच्यावरचे ते दोन दात कानशीने घासले आणि त्यांवर कॅपा बनवल्या. पक्क्या कॅपा नंतर व्हायच्या होत्या, पण शनिवारी दात घासल्याबरोबर बसवायच्या कच्च्या कॅपा तयार झाल्या. जीव ओतून केल्या होत्या. फट कुठे होती हे शोधूनही सापडलं नसतं. तिने त्या डबीत घालून कपाटात ठेवल्या आणि दिवसातून एकदा तरी कुणी नसताना उघडून बघायला लागली.

याच सुमाराला कंडक्टरीणबाईंचं काम आलं.

या बाई उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या. वरचे दात सगळे गेलेले, आता वरची पूर्ण कवळी करायची होती. मापाबरोबर एक जुना फोटो आला, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन, “फोटोसारखे दात हवेत. बाईंचा तसा आग्रह आहे.” फोटोत बसच्या दारात एक धिप्पाड तरुण बाई उभी होती. एका हाताने दांडा धरलेला, गळ्यात तिकिटांची पिशवी, आणि तोंडभर हसू. त्या हसण्याच्या बरोबर मध्यावर फट होती. चांगली रुंद, आपल्या कवळीवालीपेक्षा सवाई.

कवळीवाली त्या फोटोकडे बघत राहिली. बिचारी, तिच्या मनात आलं. काय काय सोसलं असेल हिने. रोज नवीन माणसं, सगळ्यांसमोर तोंड उघडल्याशिवाय ज्या कामात चालत नाही असं काम. आणि मग तिने या धंद्यात फक्त तिच्याच हातून होऊ शकेल अशी चूक केली. दातांचा आकार फोटोतला घेतला, लांबी घेतली, रंग वयाला शोभेल असा घेतला, आणि फट तेवढी बुजवली. विचारावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तहानलेल्याला पाणी द्यायला कुणी विचारतं का? ती मनातल्या मनात म्हणत होती, मावशी, तुम्ही म्हातारपणी तरी मोकळं हसाल.

मेणातली कवळी तोंडात घालून बघायच्या दिवशी ती मुद्दाम दवाखान्यात गेली. पेशंटचा आनंद बघायला मिळावा, एवढाच हेतू. कंडक्टरीणबाई खुर्चीत भरून उरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली आणि हातात आरसा दिला. बाईंनी ओठ उघडले, मिटले, परत उघडले. मान इकडे केली, तिकडे केली.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. “तुम्हीच की!”

“छे! ही कुणीतरी साबणाच्या जाहिरातीतली. माझी फट कुठंय?”

कवळीवाली पुढे झाली. “मावशी, ती मी भरून काढली. काळजी करू नका, आता कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“कळणार नाही म्हणजे? मला कळतंय ना! अगं, घरफोडी झाली की ही. फोटो कशाला दिला होता मी? ओवाळायला?”

कवळीवालीला कसनुसं हसू आलं आणि सवयीने हात वर गेला. कंडक्टरीणबाईंची नजर त्या हातावर गेली. आयुष्यभर गर्दीत बिनतिकिटाचे प्रवासी ओळखलेली बाई ती.

“हात काढ बघू.”

“नको हो मावशी.”

“काढ म्हणते ना. मघाशी मी नाही का तुझ्यासमोर बोळकं घेऊन बसले होते?”

हा मुद्दा बिनतोड होता. कवळीवालीने हात काढला, पण ओठ काही उघडले नाहीत. बाईंना तेवढ्यावरून समजलं. आवाज खाली आला.

“फट आहे होय तुलाही? मग तूच माझी बुजवलीस? आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोलायचं कुणाला!” त्या थोडा वेळ आरशाशी चाळा करत बसल्या. “अगं, मीसुद्धा कमी केलं नाही. लग्नाआधी रात्री दोन दातांना दोरा गुंडाळून झोपायची, जवळ येतील म्हणून. सकाळी हिरडी सुजलेली आणि फट जिथल्या तिथे. मग नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात माझी शिट्टी गर्दीत कुणीतरी लांबवली. ड्रायव्हर काही थांबेना, एक बाई अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबकळतेय. मी काय केलं ठाऊक नाही, तोंडातून हवा मारली ती या फटीतून अशी शिट्टी वाजली, अशी वाजली, की मागच्या दोन गाड्यासुद्धा थांबल्या!”

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसत होत्या. कवळीवालीने विचारलं, “मग त्यानंतर कुणी हसलं नाही तुम्हाला?”

“हसायचे की. हसतील त्यांचे दात दिसतील. मला तिकिटं फाडायची होती.” त्यांनी मेणाची कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. “सुंदर होती असं नाही म्हणत मी. पण माझी होती ना गं. दात गेले त्याचं एवढं वाटलं नाही, माणूस म्हातारा होणारच. पण आरशात बघितलं की चुकल्यासारखं होतं. परत करून देशील?”

करून देते म्हटलं खरं, पण करायला बसल्यावर कळलं की अवघड आहे. आयुष्यभर फटी बुजवलेल्या हातांना फट पाडायची कशी हेच ठाऊक नव्हतं. तिने मेण तापवून दोन दात बाजूला सरकवले. ते नुसते एकमेकांशी अबोला धरल्यासारखे दिसले. परत केलं, तर मधला एक दात पडल्यासारखं वाटायला लागलं. मास्तर येऊन वाकून बघून म्हणाले, “ही फट नाही, हा खड्डा आहे. फोटोवरून नाही यायची ही. खरीखुरी बघायला हवी कुणाची तरी...” आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी कपाळावरचा चष्मा खिशात शोधायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्या माणसाने तिच्या दातांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आजही काढला नाही. चहा पिऊन येतो म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले.

 कवळीवालीने रंग जुळवायचा छोटा आरसा काढला, दिवा जवळ ओढला, आणि बोटाने वरचा ओठ उचलला.

सकाळी ब्रश करताना ती रोज आरशात बघायची, नाही असं नाही. पण शेजाऱ्याशी बोलणं बंद असताना जिन्यात गाठ पडली तर बघावं तेवढंच. आज कामासाठी बघायचं होतं. तिला दिसलं की दोन्ही दात सरळ उभे नाहीत, किंचित एकमेकांकडे वळलेले आहेत. कडा गोलसर आहेत. दोघांच्या मध्ये हिरडीचा लहानसा त्रिकोण खाली उतरलाय, गुलाबी आणि घट्ट. आणि फट फक्त त्या दोघांची नाहीच. शेजारचे दातही थोडे थोडे सरकून त्यांना जागा देऊन उभे आहेत, म्हणून तोंडात खड्डा दिसत नाही. सगळी रांग त्या फटीला धरून बसली होती. दुसऱ्या कुणाचे असते तर तिने मास्तरांना हाक मारून दाखवले असते, की बघा, किती व्यवस्थित बसलेत.

तिने उघड्या तोंडानेच मेण चढवलं, आरशात बघितलं, एक दात वळवला, परत बघितलं. लाळ गळायला लागली तेव्हा तिला भान आलं आणि स्वतःचीच गंमत वाटली. पण गंमत ओसरल्यावरही नजर त्या दातांवरून हटेना. बिचारे. कीड नाही, दुखणं नाही, एक दिवस कामाला नाही म्हणाले नाहीत, आणि आपण त्यांना कायम तोंड लपवायला लावलं. तिला त्या दोन दातांची अगदी मनापासून माया आली. मास्तर चहा पिऊन परतले तेव्हा फट तयार होती.

कंडक्टरीणबाईंनी पक्की कवळी घातली आणि आरसा घेतला. डोळे भरून आले होते. मग त्यांनी जीभ दातांमागे टेकवून फुंकर मारली. नुसती हवा निघाली. परत मारली, परत हवा. तिसऱ्यांदा मात्र अशी करकरीत शिट्टी निघाली की बाहेर बसलेला दाढदुखीचा पेशंट उठून चालता झाला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

जाताना कंडक्टरीणबाईंनी कवळीवालीच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी फट बघितलीस तेव्हाच माझी झाली ना? खरं सांग.”

“हो,” ती म्हणाली.

आता कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर बाई शहाणी झाली असेल. तसं काही झालं नाही. माणसाचं मन काही मेण नव्हे, दिवा धरला की वळेल. मावशींचं मावशींना शोभतं, त्या शिट्टी मारतात, आपण काय मारणार, असं म्हणत ती घरी गेली. दातांची माया आली होती हे खरं, पण माया आली म्हणून फोटो चांगला येत नाही. डबी कपाटात होती आणि शनिवार ठरलेला होता.

शुक्रवारी दुपारी होणारी विहीणबाई लॅबमध्ये आली. ती शिवणकाम करायची, तोंडाने फटकळ पण मनात काही न ठेवणारी. गळ्यातली टेपसुद्धा काढायची विसरली होती. स्टुलावरची प्लास्टरची धूळ झटकून बसली आणि एकदम कुजबुजत्या आवाजात म्हणाली, “ताई, घरी विचारता येईना म्हणून इथे आले. रागावणार नसाल तर एक विचारू?”

 लग्न चार दिवसांवर आणि विहीण कुजबुजतेय, म्हणजे काय समजायचं माणसाने?

“विचारा की.”

“पोरीच्या दातांना काही झालंय का हो?”

“कुणाच्या?”

“आपल्या मुलीच्या. नाही, असलं तरी आमची काही हरकत नाही हं! माझ्याच तीन दाढा गेल्यात, मी कुठल्या तोंडाने बोलू? पण कधी बघावं तर हसताना बिचारीचा हात तोंडावर. परवा जेवताना आमच्याकडे सगळे पोट धरून हसत होते, तर हिने एका हातात घास आणि दुसऱ्याने तोंड झाकलेलं. मुलाला विचारलं, तर तो म्हणतो, ती तशीच हसते. मला वाईट वाटलं हो. म्हटलं, आई एवढी कसबी, लोकांना दात करून देते, आणि पोरीचं राहून गेलं की काय.”

“अहो, माझ्या मुलीचे दात मोत्यासारखे आहेत!” कवळीवाली जवळजवळ ओरडली. आणि ते खरं होतं. पोरीने दात बापाचे घेतले होते. सरळ, एकसारखे, कवळीला नमुना म्हणून वापरावेत असे.

“मग ती झाकते काय?” विहीणबाईने विचारलं.

 विहीण चहा न घेताच निघून गेली आणि कवळीवाली हातातलं काम तसंच टाकून बसून राहिली. लेकीचं हसणं डोळ्यांपुढे आणायला गेली, तर तिला दिसला तो एक हात. मिटलेले डोळे आणि गदगदणारे खांदे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पोर डोळ्यांसमोर वाढली, आणि तिच्या हसण्यात काही चुकतंय हे आईला कधी दिसलंच नाही, कारण आईला हसणं तसंच ठाऊक होतं.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. बाप आत स्वयंपाकघरात भाजी करपवत होता. कवळीवालीने दाढदुखीच्या पेशंटची गोष्ट काढली, शिट्टी ऐकून तो कसा पळाला ती. मुलगी हसायला लागली आणि डावा हात वर गेला. करंगळी ओठाच्या कोपऱ्यावर टेकलेली, तळवा जरासा बाहेर वळलेला. हुबेहूब. 

“तू तोंडावर हात का ठेवतेस गं?”

“हं? कधी?”

“हसताना. आत्ता ठेवलास.”

मुलीने स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो कुणी आणून लावलाय. “का म्हणजे? हसताना ठेवतातच ना.”

“कोण ठेवतं?”

“तू ठेवतेस.” मग तिला आठवून गंमत वाटली. “लहानपणी मला वाटायचं, शिंकताना रुमाल धरतात तसा हसताना हात धरायचा असतो. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तू अशी काय हसतेस? मी सांगायची, आमच्या घरी असंच हसतात.”

कवळीवालीने खुर्ची ओढून घेतली. आत्याने तिला एकदाच बोलून दाखवलं होतं. तिने लेकीला शब्दानेही काही म्हटलं नव्हतं, उलट कितीदा तरी सांगितलं होतं की तुझे दात किती छान आहेत. आणि पोरीने तोंडी सांगितलेलं सगळं सोडून हातच तेवढा उचलला होता.

“आई, काय झालं? उद्याचं टेन्शन आलंय का? दुखत नाही म्हणे, इंजेक्शन देतात.”

“उद्या मी जात नाहीये.”

“अगं, पण कॅपा केल्यास ना एवढ्या! आणि फोटो? तुला हसायचं होतं ना फोटोत?”

“हसायचंय. पण उद्या दात घासून आले आणि मग हात खाली घेतला, तर तू काय शिकशील? की आईचं झाकणं बरोबरच होतं, झाकण्यासारखंच होतं ते. आणि तुझा हात तिथेच राहील. तुझ्या पोरांचाही राहील.” तिने मुलीच्या डाव्या हाताकडे बघितलं. “माझ्या दातांत फट आहे, बाळा. तेवढंच आहे. त्याच्यासाठी मी तुझं हसू झाकून ठेवलं.”

मुलगी उठून जवळ आली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. “मग काय करायचं?”

“मला तरी काय ठाऊक? हात दे इकडे. दोन्ही. मी तुझे धरते, तू माझे धर. सोडायचे नाहीत. आता हस.”

“असं कसं हसू? तू आधी.”

“तू लहान आहेस, तू आधी.”

दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून, एकमेकींच्या तोंडाकडे टक लावून बसल्या. हसू काही येईना. उलट दोघींनाही घाम फुटायला लागला. तेवढ्यात बाप हातात डाव घेऊन बाहेर आला, त्याने बघितलं आणि घाबरून म्हणाला, “अरे, अरे, सोडा एकमेकींना! लग्न चार दिवसांवर आलंय आणि मारामाऱ्या कसल्या करताय?”

कवळीवालीला आधी फुटलं. डावा हात सवयीने वर निघाला, पण मुलीने तो ओढून धरला होता. मुलीचाही हात सुटायला धडपडला, तिला आईने सोडलं नाही. दोघी मागेपुढे होत, हात ओढत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाप डाव धरून तसाच उभा होता. आतून करपल्याचा वास यायला लागला तरी तो हलला नाही.

मग मुलीचं हसू आधी थांबलं. ती आईकडे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “तू हसताना अशी दिसतेस?”

“कशी?” कवळीवालीने विचारलं, आणि ओठ मिटायला लागली.

“थांब ना. मी कधी बघितलंच नाहीये.”

आणि कवळीवालीने तिला बघू दिलं.